सुरुवातीला जुळतं, गजराला ढोलकी मागे पडते

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल. चौघांनी चार गावांत बसून आपापलं वाद्य रेकॉर्ड केलं. फाइल्स एकाखाली एक लावल्या. पहिली ओळ झकास. पहिलं कडवंही ठीक. दुसऱ्या कडव्यात काहीतरी खुपायला लागतं, पण बोट ठेवता येत नाही. आणि गजर (भजनातला जलद लयीचा नामघोष) सुरू झाला की ढोलकी मागे राहते, एसटी सुटल्यावर धावणाऱ्या माणसासारखी. फाइल डावीकडे सरकवून गजर जुळवला तर सुरुवात बिघडते. परत वाजवून घेतलं, परत तेच.

आमचं हे पाच वेळा झालं.

आम्ही म्हणजे मालवणजवळच्या एका वाडीची जुनी बेंजो पार्टी. दिवसा बेंजो, रात्री भजन, माणसं तीच. पार्टी १९९८ साली सुरू झाली. त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत तिनंच आमची एकेक माणसं उचलून नेली. आता ढोलकीवाला डोंबिवलीत, बेंजोवाला मस्कतला, भजन गाणारे बुवा रत्नागिरीत. कीबोर्ड आणि झांज वाजवणारा मी तेवढा वाडीत उरलो. लॅपटॉप माझ्याकडे, म्हणून जुळवाजुळवही माझ्याकडे. गणपतीआधी चार नवे गजर रेकॉर्ड करायचे ठरले होते.

(बेंजोबद्दल एक. परदेशी कातड्याचा बँजो वेगळा, हा आपला टाइपरायटरसारख्या चाव्यांचा. मूळ जपानचं तैशोगोतो, १९१२ साली नागोयात तयार झालेलं. आपल्याकडे येईपर्यंत त्याला पिकअप (तारांचा आवाज पकडून स्पीकरला देणारा भाग) लागला आणि ते घरातून उठून थेट मिरवणुकीच्या टेम्पोवर जाऊन बसलं.)

पाचव्या वेळी ग्रुपवर भांडण झालं. ढोलकीवाला म्हणाला, "मी बराबर वाजवलंय. तुझ्या लॅपटॉपाक काय झाला ता बघ." मला राग आला, पण त्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं. अर्धं का, ते पुढे येईल.

"मग सगळे एकदम ऑनलाइन का नाही वाजवत?" हे दहा जणांनी विचारून झालंय, म्हणून आधीच सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. मंडपात बुवांपासून पाच मीटरवर बसलेल्या झांजवाल्याला पेटी १५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. हा उशीर २५-३० च्या पुढे गेला की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबायला लागतो आणि लय उतरत जाते. मोबाइल डेटावर मालवण ते मस्कत म्हणजे उशीर शंभराच्या घरात, आणि तोही दर क्षणाला बदलणारा. जॅम्युलस, सोनोबस यांसारखी सॉफ्टवेअर आहेत. चांगलीही आहेत. पण ती वायरच्या इंटरनेटवर, फार लांब नसलेल्या माणसांसाठी. आम्ही एकदा बसलो, दोन आवर्तनं वाजवली आणि हसत उठलो. तेव्हा एकानं गाईड ट्रॅक पाठवायचा आणि बाकीच्यांनी तो कानात घेऊन आपलं वाद्य वाजवून पाठवायचं, हाच मार्ग उरतो.

आता तपास. कानानं शोधू नका, मी तीन आठवडे कानानं शोधत होतो. ठोक्यांनी शोधा. गाईडच्या फाइलमध्ये अगदी सुरुवातीला मेट्रोनोमचे (लय मोजून देणाऱ्या यंत्राचे) आठ ठोके घाला, मग आठ मात्रा रिकाम्या, मग वाजवण्यासाठी नेहमीची मोजणी. गाणं संपल्यावर चार-पाच सेकंद सोडून परत आठ ठोके. वाजवणाऱ्यानं रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि हेडफोनचा एक कान काढून माइकला चिकटवायचा. पहिले आठ ठोके माइकमध्ये उतरले की हेडफोन चढवायचा आणि वाजवायचं. शेवटची थाप दिल्यावर पुन्हा तसंच. टाळ्या वाजवून हे करू नका. माणसाची टाळी वीस-तीस मिलिसेकंद इकडेतिकडे होतेच आणि आपण तेवढंच शोधायला निघालोय. हेडफोनमधला ठोका थेट माइकमध्ये गेला की माणूस मधून बाजूला होतो, आणि वाजवणाऱ्याला तो ठोका नेमका कधी ऐकू आला ते फाइलमध्ये कोरलं जातं.

मग आलेली फाइल गाईडच्या खाली लावायची, शून्यापासून, काहीही न सरकवता. झूम करत करत जायचं, इतकं की एक ठोका पडद्यावर काडेपेटीएवढा दिसेल. पहिल्या ठोक्यातला फरक लिहून घ्या, शेवटच्यातलाही लिहून घ्या. हे दोन आकडे बहुतेक सगळं सांगून टाकतात.

दोन्ही टोकांना फरक सारखाच असेल तर तो नुसता उशीर आहे. आमच्या ढोलकीत तो १८० मिलिसेकंद निघाला, पहिल्या ठोक्याला १८०. चौकशी केली तर साहेब गळ्यात ब्लूटूथचा नेकबँड घालून वाजवत होते. ब्लूटूथ आवाज आधी आवळतं, मग पाठवतं, मग उलगडतं, यात शंभर ते तीनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १४० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ४२८ मिलिसेकंदांची होते, म्हणजे हा उशीर अर्ध्या मात्रेच्या जवळ गेला. गाणी ऐकायला नेकबँड ठीक आहे, वाजवायला नाही. पंधरवड्याच्या चहाच्या पैशात वायरचा हेडफोन येतो. फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीचा घ्या. आधीच वाजवून झालं असेल तर पूर्ण फाइल तेवढीच डावीकडे, सुरुवातीच्या दिशेनं ओढा, काम संपलं. मी ती दर वेळी कानाच्या अंदाजानं ओढत होतो. म्हणून सुरुवात "साधारण" जुळायची आणि मला वाटायचं, इथवर तर सगळं ठीक आहे.

एमपीथ्री पाठवली तरी असाच छोटा घोळ होतो. ती बनवताना फाइलच्या डोक्यावर पंचवीस-पन्नास मिलिसेकंदांची शांतता चिकटते. त्याऐवजी वेव्ह नाहीतर फ्लॅक प्रकारची फाइल पाठवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी होते. साडेचार मिनिटांचं गाणं ३९ एमबी. चॅटवर डॉक्युमेंट म्हणून जोडलं की तसंच्या तसं पोचतं. व्हॉइस नोट मात्र कुणी पाठवली तर त्याच्याकडून ग्रुपला चहा.

दुसरा प्रकार: फाइलची लांबीच भलती, आणि आवाज जाड. हा बुवांच्या वाट्याला आला. त्यांनी स्वतःचीच फाइल ऐकून फोन केला, "माझो आवाज असो रेड्यासारखो कित्याक येता रे?" २७० सेकंदांचं गाणं २९४ सेकंदांचं झालं होतं. हा आकडा पाठ करून ठेवा: ४८,००० भागिले ४४,१०० म्हणजे १.०८८. तुमची लांबी या पटीत वाढली असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. यंत्रानं सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि फाइलवर लेबल लागलं ४४,१०० चं. वाजवताना ते नमुने सावकाश सुटतात आणि पट्टी जवळजवळ दीड सुरानं उतरते. काळी चारमध्ये गायलेलं काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधल्या कुठल्यातरी खड्ड्यात जाऊन पडतं, जिथं पेटीला पट्टीच नाही. एरवी सॉफ्टवेअर दोन वेगळे दर आपणहून जुळवून घेतं, म्हणून हे रोज होत नाही. बुवांकडे झालं कारण मागे व्हिडिओ कॉलची खिडकी उघडी होती. तिनं ऑडिओ इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला) ४८ वर नेऊन ठेवलं होतं आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर समजत होतं आपण ४४.१ वर आहोत.

यावर फाइल ताणायची नाही की आवळायची नाही. फक्त लेबल बदलायचं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या मेनूत रेट आहे, तिथे ४८,००० केलं की बुवा परत बुवा होतात. आणि पुढे सगळ्यांनी ४८ वरच राहायचं. फोनचे व्हिडिओ तसेही बहुतेक ४८ वरच असतात.

तिसरा प्रकार जरा चिवट आहे. पहिला ठोका बरोबर बसवला तरी शेवटचा थोडा सुटलेला. आमच्या ढोलकीत उशीर काढून टाकल्यावरही शेवटच्या ठोक्याला २२ मिलिसेकंद उरले. याचं कारण दोन घड्याळं. प्रत्येक यंत्रात एक स्फटिक असतो आणि त्याच्या कंपनांवर ते सेकंद मोजतं. दहा लाखांत वीस-पन्नासाची चूक साध्या उपकरणांत नेहमीचीच. ढोलकीवाला गाईड एका फोनवर ऐकत होता आणि रेकॉर्ड वहिनींच्या फोनवर करत होता. एकाचं घड्याळ किंचित पुढे, दुसऱ्याचं किंचित मागे. गाईड वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच यंत्रावर झालं की हा फरक मुळातून जातो, कारण घड्याळ चुकत असलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकतं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी फोनवरच असं ॲप घ्यावं ज्यात एक ट्रॅक वाजत असताना दुसरा रेकॉर्ड होतो. बँडलॅबमध्ये होतो.

जुनी फाइल वाचवायची असेल तर गाईडमधल्या पहिल्या आणि शेवटच्या ठोक्यातलं अंतर मोजा, तेच रेकॉर्डिंगमध्ये मोजा आणि त्या प्रमाणात फाइलचा वेग बदला. वेगच बदला, पट्टी तशीच ठेवून नुसती लांबी बदलणारं टाइम-स्ट्रेच वापरू नका. त्यानं ढोलकीच्या थापेची धार जाते. वेग इतका थोडा बदलतो की पट्टीतला फरक तानपुऱ्याशी लावून ऐकला तरी कळायचा नाही.

इथं मला वाटलं, झालं. उशीर काढला, दोन्ही टोकं केसभरही फरक न राहता जुळली. ऐकलं. गजराला ढोलकी मागे.

मग शांत बसून विचार केला. २२ मिलिसेकंदांनी काही एसटी चुकत नाही. म्हणजे यंत्राचा हिशोब चुकता झाला होता आणि तरी काहीतरी शिल्लक होतं. या वेळी टोकं सोडून मधलं बघितलं. कडव्यांत ढोलकी गाईडला चिकटून होती. गजराच्या पहिल्या आवर्तनात ८०-९० मिलिसेकंद मागे, दुसऱ्यात त्याहून मागे, आणि पाचव्या-सहाव्यात पुन्हा गाईडवर येऊन बसलेली. गजर संपेपर्यंत बिनचूक. ज्याचा हात चुकतो तो असा परत येऊन बसत नाही. तो मुद्दामच तसं वाजवत होता, आणि तेही प्रत्येक वेळी सारखंच.

कपाटातून २००३ सालची आमची कॅसेट काढली. शेजारच्या वाडीतल्या सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेलं रेकॉर्डिंग, मागे रातकिडे आणि एका पोराचं रडणं. मात्रा मोजल्या. मुखडा १३८ च्या आसपास, गजर १७० ला. (कॅसेटचा वेग स्वतःच कमीजास्त असतो, तेव्हा आकडे घट्ट धरू नका, चढ बघा.) हा चढ एका उडीत नव्हता. बुवांनी लय सहा आवर्तनांत ओढत नेली होती, चढावावर गाडी जशी एकेक गिअर घेत जाते तशी. आणि मी गाईड कसा केला होता? क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यांवर. मुखडा १३८, गजर १७०, मधे सरळ पायरी. ढोलकीवाल्याचा हात वीस-बावीस वर्षांपूर्वी शिकल्याप्रमाणे चढत होता आणि माझा गाईड टुणकन उडी मारून वर जाऊन थांबला होता. तो मागे पडत नव्हता, मीच पुढे पळत होतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं असं वर म्हटलं, ते यासाठी. लॅपटॉपाला काही झालं नव्हतं. लॅपटॉपवाल्याला झालं होतं.

तेव्हा तुमचं गाणं जर लय वाढवत नेणारं असेल, गजर, डबलबारीतलं (दोन बुवांच्या भजनी सामन्यातलं) काहीही, आरतीसुद्धा, तर क्लिकवर गाईड करू नका. एका लयीत चालणाऱ्या गाण्याला क्लिकइतकं सोयीचं काही नाही. पण आपलं निम्मं संगीत एका लयीत चालत नाही आणि त्याला पायऱ्या पाडून चालत नाही.

आम्ही केलं ते असं. एका रविवारी मी रत्नागिरीला गेलो. बुवा पेटीवर, मी झांजेवर, एकाच खोलीत समोरासमोर. क्लिक नाही, फक्त सुरुवातीला आणि शेवटी तपासणीचे ठोके. तीन वेळा वाजवलं, दुसरं ठेवलं. हाच गाईड, आणि याच्यावर कुणी अपील करायचं नाही असं ग्रुपवर लिहून टाकलं. घरी येऊन रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) टेम्पोची खूण लावली, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा बुवांच्या लयीबरोबर दाट होत गेल्या. हे काम कंटाळवाणं आहे. साडेचार मिनिटांच्या गाण्याला मला दीड तास लागला. पण मागाहून एखादा तुकडा परत घ्यायचा झाला किंवा कोरस दुसरीकडे चिकटवायचा झाला तर याच रेघा कामी येतात.

ढोलकीवाल्यानं आणखी एक मागितलं, जे मला कधीच सुचलं नसतं. "माका बुवांची मान दिसाक होयी." बुवा लय ओढण्याआधी मान डावीकडे किंचित कलती करतात, एक आवर्तन आधी. पंधरा वर्षं तो त्या मानेकडे बघून वाजवत आला होता, आणि मी त्याला हेडफोन देऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. रत्नागिरीला स्टुलावर ठेवलेल्या फोननं बुवांचा व्हिडिओ सुदैवानं काढला होता. तो पाठवला. त्यानं फोनचा आवाज बंद करून समोर मान ठेवली आणि ऐकायचं लॅपटॉपवरून. तुम्ही म्हणाल, दोन यंत्रं झाली. झाली, पण मान पन्नास मिलिसेकंद इकडेतिकडे झाली तरी चालते, ती सूचना असते, थाप नसते. दुसऱ्याच टेकला काम झालं. गजरात दहा-पंधरा मिलिसेकंद उरलेत, ते तसेच ठेवलेत. सगळ्या थापा रेघेवर ओढून बसवायचा मोह होतो. मी एका आवर्तनात करून बघितलं, ढोलकी वॉशिंग मशीनसारखी वाजायला लागली.

बाकी किरकोळ. पेटी आणि कीबोर्ड भांडत असतील तर कीबोर्डला नमतं घ्यायला लावा. पेटीचे सूर घासून ठरलेले असतात, बुवांची पेटी २० सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढी आहे, ती काही रेकॉर्डिंगसाठी उतरणार नाही. कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये ४४० हर्ट्झचं ४४५ केलं, संपलं. बेंजोवाल्यालाही ट्यूनरवर नाही, बुवांच्या पेटीच्या फाइलवर तारा लावायला सांगितल्या. ढोलकीचं एक गाणं एकाच बैठकीत पुरं करा. पावसाळ्यात पुडी (ढोलकीचं कातडं) संध्याकाळपर्यंत उतरते आणि दुसऱ्या दिवशीचा तुकडा मधे शिवला तर ठिगळ ऐकू येतं. (भजनाला खरा पखवाजच हवा, पण डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये धुमा (पखवाजाची खर्जाची बाजू) घुमला की खालच्या मजल्यावरून छताला काठी आपटते.) बारीक घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आमच्याकडे जांभ्यात अर्थिंग धड बसत नाही, बहुतेक घरघर तिथूनच येते. पावसाचा आवाज कौलांवर असेल तर उपाय नाही, मी माजघरात गोधड्या टांगूनही बघितलं. पाऊस थांबल्यावर बेडकांच्या आधी जो अर्धा तास मिळतो तो धरा.

तीन गजर झाले. चौथ्याचा बेंजो काल रात्री मस्कतहून आला, तिथले साडेदहा म्हणजे आमचे बारा. वाजवलाय अप्रतिम. फाइल उघडली, सुरुवातीचे आठ ठोके आहेत, शेवटचे नाहीत. परत मागवलीय.